डिस्कला कुंकू

“कुंकू?” मी ओरडलो. “चाचा, डिस्कला कुंकू लावलं तुम्ही?”

दस्तगीरचाचा हातातलं फडकं तसंच धरून उभे होते. “सगळ्यांना लावलं,” ते म्हणाले. “मोठ्या मशीनला लावलं, कटिंगला लावलं, शिलाईच्या यंत्राला लावलं. खंडेनवमी होती. तुझ्या एकट्याच्या मशीनला वगळायचं होतं का?”

“बाहेरून लावायचं! आतले डबे कशाला काढले?”

“धूळ होती की आत. पूजा करायची म्हटल्यावर पुसायला नको? तीन डबे निघाले. पुसले, हळदकुंकू वाहिलं, परत बसवले. तिन्हीच्या तिन्ही आहेत, मोज.”

मोजायला कशाला पाहिजे होतं! समोर दिसतच होते. सर्व्हरच्या तोंडावर एकाखाली एक तीन डबे आणि प्रत्येकावर हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट. मधल्यावर तर झेंडूची पाकळीसुद्धा अडकलेली. आणि वरच्या पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहून आलेलं, की डिस्क सापडत नाही, मशीन पुढं चालू होऊ शकत नाही, दुरुस्तीसाठी पासवर्ड द्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची ही सकाळ. मिरजेतला देशिंगकर ट्रस्टचा ब्रेल छापखाना. मी सन्मती मगदूम, तेव्हा सव्वीस वर्षांचा, तिथला कॉम्प्युटरवाला. पुण्यात दोन वर्षं काढून आलेलो, त्यामुळं दीडशहाणा. दस्तगीर मुजावर एकतीस वर्षं तिथं मशीनवर. जस्ताच्या पत्र्यावर ब्रेलची टिंबं ठोकायची आणि त्या पत्र्यांवरून कागद दाबून काढायचे, हे त्यांचं काम. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा तेच करायचे. त्यांच्या आधीचा मशीनवाला करायचा, त्यानं शिकवलं, म्हणून हे करायचे. त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही. मला मात्र त्या सकाळी वाटलं, आणि मी ते सगळ्या छापखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाटून घेतलं.

“मेन स्विच पण तुम्हीच ओढला असणार!”

“ओढला. पूजेला यंत्र थंड लागतं. दरसाल ओढतो.”

“चालू सर्व्हरचा?”

“तू बंद करून गावाला जातो म्हणाला होतास,” चाचा हळूच म्हणाले.

हे खरं होतं. अष्टमीच्या संध्याकाळी नांद्र्याची बस चुकेल म्हणून मी तसाच पळालो होतो. पण तोंड सुटलं की सुटलं. “विषय बदलू नका! एवढी नाजूक वस्तू, तिला कुंकू चोळतात? वाट लावली तुम्ही. बाईंचा शब्दकोश होता तिच्यावर!”

कोश म्हटल्यावर शिलाईच्या दोघी बायका हातातलं काम टाकून दारात आल्या. त्यांच्या मागून ट्रस्टचे सेक्रेटरी आप्पासाहेब आले.

“कोश गेला?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“यांनी डिस्कची पूजा केली,” मी म्हणालो. “आता तुम्हीच बघा.”

आप्पासाहेब तापट माणूस. त्यांनी तिथल्या तिथं निकाल दिला. “दस्तगीर, किल्ल्या ठेवा आणि घरी जा. ट्रस्टची बैठक होऊन काय ते ठरेल. तोवर इकडं फिरकायचं नाही.”

चाचांनी माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग कनवटीचा किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला, फडकं नीट घडी करून खिळ्याला लावलं आणि सायकल घेऊन गेले. मला तेव्हा वाटलं, अपराधी माणूस काय बोलणार?

दहा वाजता रिक्षा थांबली. विमल आरगे, आमच्या आरगेबाई, आल्या. जन्मापासून अंध. आधी सांगलीत शाळेत शिकवायच्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी मराठीचा शब्दकोश ब्रेलमध्ये आणायचा पण केला. त्यांच्या विद्यार्थ्यांना शब्द अडला की डोळस माणूस शोधत फिरावं लागायचं, त्याचा त्यांना राग होता. “अर्थ विचारायला दुसऱ्याच्या दारात का जायचं?” असं म्हणायच्या. सहा बटणांच्या कीबोर्डवर त्या स्वतः एकेक शब्द टाइप करायच्या आणि कच्च्या कागदावर काढून बोटांनी तपासायच्या. पंधरा खंडांपैकी नऊ छापून झाले होते. उरलेले सहा तयार होऊन त्या डिस्कवर होते आणि दिवाळीनंतर पत्र्यावर चढायचे होते.

त्या सहा खंडांची दुसरी प्रत कुठंही नव्हती. दर महिन्याला सीडी भरून कपाटात ठेवायची हा नियम मीच केलेला आणि फेब्रुवारीनंतर मीच मोडलेला.

बाई शिलाईच्या बायकांकडून सगळं ऐकूनच आत आल्या. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या.

“दस्तगीरला घालवलंत?”

“आप्पासाहेबांनी—”

“ते नंतर बघू. आधी मला सांग, कोश गेला की अडकलाय?”

मी समजावलं. डिस्क नुसती खोक्यात असून भागत नाही. चालू होताना मशीननं तिला हाक मारून तिच्या जागेवर बसवावं लागतं, मग तिच्यातल्या फायली दिसतात. त्याला माऊंट होणं म्हणतात. ती माऊंट होत नाहीये. वीज तडकाफडकी गेल्यामुळं तिच्यातला पत्ता सांगणारा भाग खराब झाला असावा.

“म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली. पानं असतील.”

“असतील. नसतील पण.”

बाईंनी दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले. “सन्मती, हे हात बघ. साखरेनं उजवा गेला. दाबलं तरी कळत नाही, टिंब आहे की नाही ते. डाव्याचं हे एक बोट राहिलंय. डॉक्टर म्हणतात, वर्षभर टिकलं तर नशीब. हे सहा खंड परत टाइप करायला मी कुणालाही बसवीन. पण तपासायला बोट कुठून आणू?”

खरं सांगतो, तोवर मला माझ्या नोकरीची भीती वाटत होती. आता वेगळीच वाटायला लागली.

“काढू, बाई,” मी म्हणालो.

“काढूच. न काढता उठायचं नाही कुणी.”

तीन तास मी झटलो. मधल्या खाचेतली डिस्क कोशाची, हे मला पाठ होतं. तिला माऊंट करायला सांगितलं, मशीन म्हणालं, ओळख पटत नाही, पहिली नोंद खराब आहे. तपासणीचा प्रोग्राम चालवला, तो म्हणाला, इथं दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. पहिल्या नोंदीच्या जादा प्रती डिस्कवर ठराविक ठिकाणी लपवलेल्या असतात, त्या एकेक करून मागितल्या. एकही मिळाली नाही. पुण्यातल्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, “लेका, जादा प्रती पण नाहीत म्हणजे डिस्क आतून धुतली गेली. सोड नाद.”

बाई हलल्या नाहीत. चहा आला, तो निवला. मधेच त्या विचारायच्या, “आता काय केलंस?” मी सांगायचो. “काय म्हणालं ते?” मी सांगायचो. “बरं, पुढं.”

एक वाजता मी खुर्चीला टेकलो. “बाई, मधली डिस्क गेली. एक करता येईल. खालच्या खाचेत कोरी डिस्क आहे, मीच घालून ठेवलीय जादाची. ती फॉरमॅट करतो, फेब्रुवारीच्या सीडी तिच्यावर उतरवतो. निदान मशीन उभं राहील. मग मधली डिस्क मुंबईला पाठवू, तिथं असली कामं करणारी माणसं आहेत.”

“फॉरमॅट म्हणजे?”

“पाटी पुसून रेघा मारायच्या.”

“पुसलेलं परत येतं?”

“नाही. पण ती कोरीच आहे.”

मी हुकूम टाइप केला. एंटरवर बोट ठेवलं.

“थांब,” बाई म्हणाल्या. “वाच.”

“काय वाचू?”

“काय टाइप केलंस ते. आणि ज्या डिस्कवर करणार तिच्याबद्दल मशीन काय सांगतंय ते. सगळं, मोठ्यानं.”

इथं छापखान्याची रीत सांगायला हवी. जस्ताच्या पत्र्यावर एकदा टिंब ठोकलं की ते सहज मिटत नाही. पत्रा वाया जातो. म्हणून आमच्याकडं पत्रा चढवण्याआधी दोघं समोरासमोर बसायचे. डोळस माणसानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस, काही म्हणजे काही गाळायचं नाही. समोरच्या अंधानं बोट फिरवत जायचं. वाचणाऱ्यानं आपल्या मनानं एक शब्द इकडचा तिकडं केला तर त्याला त्या खुर्चीवर परत बसू द्यायचे नाहीत. मला ही रीत म्हणजे वेळकाढूपणा वाटायचा.

“बाई, हा पत्रा नाही, कॉम्प्युटर आहे,” मी वैतागून म्हणालो. “कोरी आहे ती. मी स्वतः घातलीय.”

“मग वाचायला तुझं काय जातंय? एक मिनिट जाईल. मी तीन तास बसलेय.”

मी टाइप केलेला हुकूम खोडला आणि तिन्ही डिस्कची माहिती मागवली. सकाळपासून ही यादी मी पाचेक वेळा बघितली होती. आता शाळेतल्या पोरासारखा वाचायला लागलो.

“पहिली डिस्क. ऐंशी जीबी. हिच्यावर लिनक्स आहे. दुसरी डिस्क. ऐंशी जीबी. तिसरी डिस्क. एकशे—”

जीभ अडली.

“एकशे काय?” बाई म्हणाल्या. “गाळू नकोस.”

“एकशे साठ.”

“मग?”

मग काय! कोशासाठी एकशे साठची डिस्क आणली होती. जादाची ऐंशीची होती, जुन्या मशीनमधून काढलेली. डोळा सवयीनं पुढं सरकतो, तोंडाला प्रत्येक आकडा उच्चारावा लागतो. मी तीन तास कोऱ्या डिस्कवर कोश शोधत होतो. कोश खाली होता, तिसऱ्या खाचेत. पूजेनंतर डबे परत बसवताना खालचा मधे गेला होता आणि मधला खाली. आणि मी त्याच खालच्या डब्यावर, बाईंच्या सहा खंडांवर, पाटी पुसायचा हुकूम लिहून एंटरवर बोट ठेवून बसलो होतो.

“सन्मती? अरे बोल की.”

“बाई,” मी म्हणालो, “तुम्ही थांब म्हणाला नसता तर मी कोश पुसला असता.”

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तो डावा हात छातीशी घेतला. पण आवाज बिलकुल हलला नाही. “पुसला नाहीस ना? मग रडत बसू नकोस. आता काय करायचं ते सांग. आणि वाचल्याशिवाय एक बटण दाबायचं नाही.”

दाबलं नाही. प्रत्येक हुकूम आधी वाचला, तिरक्या रेघेसकट. तिसरी डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडायची, तिच्यावर काहीही लिहायचं नाही, असा हुकूम. “वाचलं,” बाई म्हणाल्या, “दाब.” मशीननं क्षणभर विचार केला. अचानक वीज गेलेली असल्यामुळं अर्धवट राहिलेल्या नोंदी त्यानं जुळवून घेतल्या, तसं लिहूनही दाखवलं. ते मी वाचलं. मग फायलींची यादी मागितली.

“खंड दहा,” मी वाचलं. “खंड अकरा. बारा. तेरा. चौदा.” मी पडद्याजवळ सरकलो. “पंधरा.”

दारातल्या दोघी बायकांनी हात जोडले. एकीनं डोळ्याला पदर लावला. बाई म्हणाल्या, “पंधरावा उघड. शेवटचं पान कागदावर काढ.”

कागद निघाला. बाईंनी त्याच्यावर ते एक बोट ठेवलं आणि डावीकडून उजवीकडं फिरवत नेलं, ओळीमागून ओळ. सबंध पान संपवलं. मग त्या म्हणाल्या, “आहे,” आणि पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

मी आधी सगळं त्या कोऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं, मग सीडी भरायला लावल्या. आप्पासाहेब आले, खुश झाले, माझ्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास रे मगदूम! त्या दस्तगीरनं घोळ घातला, तू निस्तरलास.”

मी हसलो. हो, हसलो. खोटं कशाला सांगू!

“आप्पा, जरा बसा,” बाई म्हणाल्या. “मला एक कळलं नाही. सन्मती, दस्तगीरनं डबे उलटसुलट लावले, मान्य. पण डिस्क तीच, तिच्यातला कोश तोच. मशीनला ती ओळखू का आली नाही? कुठली डिस्क कोशाची, हे त्याला कुणी सांगितलेलं असतं?”

“एका फाईलमध्ये लिहिलेलं असतं,” मी म्हणालो.

“उघड. वाच.”

फाईल उघडली. आठ ओळींची फाईल. खोलीत चारपाच माणसं होती, पण पडद्याला सर्वांत जवळ मीच होतो, आणि त्यातलं कळणारा तर मी एकटाच. आप्पासाहेबांना कॉम्प्युटर म्हणजे टीव्ही. बाईंना दिसत नव्हतं. सहाव्या ओळीत कोशाची डिस्क लिहिलेली. ती कशी शोधायची तर दुसऱ्या खाचेत असेल ती. प्रत्येक डिस्कला स्वतःचं कायमचं नाव असतं, ते लिहिलं असतं तर डबे कुठल्याही खाचेत घातले तरी मशीननं तिला बरोबर हुडकलं असतं. पाच मिनिटांचं काम. आणि त्या ओळीच्या वर, पुढं लक्षात राहावं म्हणून, इंग्रजी अक्षरांत मराठीतच एक टीप होती.

मी सहावी ओळ वाचली. टीप वाचली नाही.

“एवढंच?” बाईंनी विचारलं.

त्यांना संशय होता असं मला आजही वाटत नाही. वाचणाऱ्याला त्या पानागणिक असंच विचारायच्या. मी ‘एवढंच’ म्हणालो असतो तर विषय तिथं मिटला असता, चाचांची बैठक झाली असती आणि मला पगारवाढ मिळाली असती. समोर बाईंचा तो डावा हात होता. नऊ वर्षं या बाई, कोण काय वाचून दाखवतो, त्याच्या भरवशावर शब्द लिहीत आल्या होत्या.

“नाही,” मी म्हणालो. “वर आणखी एक ओळ आहे. ‘चौदा जून. घाई आहे. सध्या खाचेवरून ओळखू दे. नावं नंतर घालू.’ पूर्णविराम. ‘सन्मती मगदूम.’”

आप्पासाहेबांना आधी काही कळेना. मी समजावून सांगितलं. सर्व्हर बंद न करता पळालो तेही सांगितलं, सीड्यांचंही सांगितलं. शरमेनं कान तापले होते, पण एकदा सुरू झाल्यावर मधेच थांबणं जास्त अवघड वाटलं.

बाई एवढंच म्हणाल्या, “किल्ल्या घे आणि जा त्याच्याकडं.”

दर्ग्यामागच्या गल्लीत चाचांचं घर. मी पोचलो तेव्हा ते उंबऱ्यात बसून सायकलची साखळी साफ करत होते. मी तोंड उघडायच्या आधीच उठले.

“बाकीचं राहू दे. बाईंचा कोश?”

“मिळाला, चाचा. सगळा.”

ते मटकन खाली बसले. काळ्या हातानंच तोंड पुसलं, गालाला तेल लागलं. आत वळून बायकोला ओरडून सांगितलं, “मिळाला गं!”

“चाचा, चूक माझी होती,” मी म्हणालो. “तुमची नव्हतीच. डबे—”

“ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“एकतीस वर्षं पत्रे लावतोय. पत्रा मशीनवरून उतरवण्याआधी मी त्याच्या कोपऱ्यात नंबर ठोकतो, म्हणजे कुणीही लावला तरी चुकत नाही. पुसताना तुझे डबे उलटेपालटे करून बघितले. एकावर पण नंबर नाही. तेव्हाच म्हटलं, या पोरानं काही ठरवून ठेवलेलं नाही. तरी अंदाजानं बसवले. ती माझी चूक, तुला विचारायला पाहिजे होतं.”

“मग सकाळी का नाही बोललात? मी तुम्हाला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोललो, आप्पासाहेबांनी हाकललं, आणि तुम्ही गप्प?”

“बोललो असतो तर आप्पांनी तुला हाकललं असतं,” चाचा म्हणाले. “त्यांचा राग तुला माहीत नाही. एकाला तरी घालवल्याशिवाय उतरत नाही. मी गेलो तर काय, मशीन चार दिवस बंद राहील. तू गेला असतास तर कोश कोण काढणार होतं? मला येतंय का ते?”

मी किल्ल्या पुढं केल्या. चाचांनी त्या घेतल्या, कनवटीला लावल्या, आणि मोकळ्या झालेल्या हातानं माझ्या कानाखाली अशी एक सणसणीत ठेवून दिली, की गल्लीतली दोन कुत्री उठून उभी राहिली.

“ही सकाळची,” ते म्हणाले. “चल आत. जेवला नसशील.”